प्रात्यक्षिक बागेत भाजीच नको?

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. तरी वाचा.

आमच्या भागात लोकांनीच मिळून चालवलेली एक प्रात्यक्षिक बाग आहे. नाव लिहीत नाही, पुण्यातल्या बागकामवाल्या मंडळींना कळेलच. गच्चीत, बाल्कनीत, घरापुढच्या चार हात जागेत भाजी आणि फुलं कशी लावायची हे येऊन बघावं, हात लावून बघावं, विचारावं, यासाठी ती उभी राहिली. थोरल्या जाऊबाईंच्या नव्या घराला गच्ची मिळालीय, काय लावू नि काय नको असं झालंय त्यांना. म्हणून आज हौसेने घेऊन गेले.

तर वांगी, मुळा, मेथीचे वाफे होते तिथे लॉन. मधोमध बदामाच्या आकाराची लोखंडी कमान आणि तिच्यापुढे सेल्फीची रांग. कडेने पिटुनिया आणि डायँथसचे पट्टे, सगळी रोपं एका उंचीची. जाऊबाई म्हणाल्या, "किती छान लावलंय गं!" मी वाकून एका रोपाच्या बुडाशी माती उकरली. खाली नर्सरीची काळी पिशवी. शेजारच्याच्या खालीही तेच. पिशवीसकट पुरलेली रोपं! ती तिथे रुजलेली नाहीत, वाढलेली नाहीत. बहर ओसरला की उपटायची आणि दुसऱ्या पिशव्या पुरायच्या.

हे कशाचं प्रात्यक्षिक आहे, सांगा मला.

ही बाग माझ्यासाठी काय आहे ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवर दोडक्याचा वेल मांडवभर पसरला. फुलं भरपूर, पण दोडका बोटाएवढा व्हायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा. व्हिडिओ बघून झाले, दुकानदाराने दिलेलं टॉनिक घालून झालं. शेवटी या बागेत गेले. तिथे काम करणाऱ्या मावशी, मूळच्या जुन्नरकडच्या, मला म्हणाल्या, "ताई, दोडकं सांच्याला फुलतं. दिवेलागणीला या, दावते." संध्याकाळी गेले. मांडवाखाली पिवळी फुलं नुकती उमलत होती. मावशींनी एक फूल देठासकट खुडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि मधला पिवळा भाग दुसऱ्या फुलावर हलकेच टेकवला. त्या दुसऱ्या फुलाच्या मागे करंगळीहून लहान, शिरा असलेला दोडका होता. "मागं दोडका असंल ती मादी. तुमच्या पाचव्या मजल्यावर किडं-पाखरू कमी येत आसंल, मग तुम्हीच करा." चार-दोन मिनिटांचं काम. त्यानंतर आम्ही दोडके शेजारीपाजारी वाटले.

हे मला लॉनने शिकवलं असतं का?

फुलांनी माणसं आत येतात, हे मान्य. पण फुलं बघायला आपल्याकडे एम्प्रेस गार्डन आहेच की! ती बाग सांभाळणारी संस्था १८३० पासूनची. तिथल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला मी आवडीने जाते, पुढेही जाईन. इथे फुलांना काम होतं. टोमॅटोच्या वाफ्यात झेंडू होता, मुळांवरच्या सूत्रकृमींचा त्रास कमी व्हावा म्हणून. कोबीभोवती मोहरी होती, म्हणजे पतंग कोबी सोडून तिच्यावर अंडी घालतील. शेपू मुद्दाम फुलोऱ्यावर सोडलेला असायचा, मधमाश्यांसाठी. आणि कडेच्या चवळीवर काळाभोर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही शिसारी आली होती. मावशींनी पान उलटून दाखवलं, तर माव्यात ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या, खाण्यात दंग. "ह्यांच्यासाठी ठिवलीया चवळी."

ती चवळी आता नाही. का, तर रोगट दिसते. बियाण्यासाठी झाडावर राखलेली पिवळी वांगी नाहीत, का, तर म्हातारी दिसतात. अहो, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या, फोटो शेअर केले. बी धरायचं तर वांगं झाडावर पिकू द्यावं लागतं, एवढं तरी लोकांना दिसू द्या!

आणि नाडेपची कंपोस्ट खताची टाकी! विटांमध्ये भोकं ठेवून बांधतात ती, आत हवा खेळावी म्हणून. पुसदच्या नाडेपकाकांनी आयुष्य घालवलं त्या खतापायी. तिला चहूबाजूंनी प्लास्टिकची खोटी वेल गुंडाळलीय. भोकं बंद. हे बघून मात्र मला रडू यायचंच बाकी होतं.

चालवणाऱ्यांवर मी किती चिडू, हेही कळत नाही. बहुतेक निवृत्त माणसं आहेत, स्वतःच्या खिशातून खर्च करतात. खताचा वास येतो म्हणून शेजारच्या सोसायटीच्या तक्रारी, आणि देणगी देणाऱ्याला फोटोत चांगलं दिसेल असं काहीतरी हवं असतं. त्यांच्यातल्या एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आम्हालाही नको होतं गं, पण पैसे कुठून आणायचे?" त्यांचा चेहरा बघून माझा आवाज खाली आला. माणसं वाईट नाहीत.

पण मग फाटकाजवळ मावशी दिसल्या. हातात शिट्टी. लॉनवर पाय ठेवणाऱ्याला शिट्टी मारायची, हे आता त्यांचं काम. वांग्याचा मान टाकलेला शेंडा खुडून, नखाने उभा चिरून आतली गुलाबी अळी दाखवणारी बाई ती! शेंडा असा वाळला की लगेच कापून नष्ट करायचा, नाहीतर अळी फळात जाते, हे कितीतरी जणांना त्यांनीच शिकवलंय. त्यांच्या हातात शिट्टी? संताप आला आणि अजून उतरलेला नाही.

कोल्हापुरात श्रीपाद दाभोळकर हा गणिताचा माणूस. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच विश्वासावर, की साधा माणूस स्वतः करून बघतो आणि दुसऱ्याला सांगतो, त्यातून शेती शिकता येते. ही परंपरा आपली आहे. आपल्याकडे ती असताना आपण बदामाच्या कमानी उभ्या करायच्या?

जाऊबाईंना आज शिकण्यासारखं काहीच मिळालं नाही. येताना त्यांनी विचारलं, "मग दोडका कधी लावू?" मी सांगितलं, थंडी सरली की लावा, आणि फुलं आली की मावशींना घरी बोलावू, रिक्षाचे पैसे आणि त्यांचा मेहनताना आपण देऊ.

रविवारी सकाळी बागेची बैठक आहे, कुणीही येऊ शकतं. मी दोनच गोष्टी मागणार आहे: निम्मे वाफे भाजीला परत द्या आणि मावशींच्या हातातली शिट्टी काढून घ्या. खर्चाचं म्हणाल तर मी दरमहा पैसे द्यायला तयार आहे. तुमच्यापैकी कोण येतंय आणि कोण वर्गणी देतंय, खाली लिहा. नुसता अंगठा देऊ नका.