दुकानात झकास, घरी धुरकट: तुमच्या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री शटर ओढायच्या आधी वाचला. लगेच उत्तर दिलं नाही. आधी बिलाची प्रत काढली, काउंटरवर ज्याने तुम्हाला टीव्ही दाखवले त्याच्याशी बोललो, फिटिंगला आलेल्या मुलाला तुमच्या खोलीची मांडणी कागदावर काढून दाखवायला सांगितली आणि मग लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय ते असं. घरातला २१ इंची जुना सेट देऊन आमच्याकडून ५५ इंची फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा, टीव्ही घेतला. दुकानात चित्र आरशासारखं स्वच्छ, घरी मात्र बातम्या आणि मालिका धुरकट दिसतात, माणसांचे चेहरे पसरट होतात, आणि आईंना बोलणं नीट ऐकू येत नाही. म्हणजे दाखवला एक, पाठवला दुसरा. ३२ इंची घ्यायला आलो होतो, ५५ गळ्यात मारला. जीएसटीची सूट पूर्ण दिली नाही. आणि बाबांनी हौसेने घेतलेल्या, चालू असलेल्या सेटचे फक्त हजार रुपये धरले.

पीस बदललेला नाही, हे आधी सांगतो. तुमच्या बिलावर सीरियल नंबर छापलेला आहे. तोच नंबर टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर आणि खोक्यावर आहे. जुळवून पाहा. खोकं तुमच्यासमोर फोडलं, हे तुम्हीही नाकारणार नाही. यात माझी बाजू पक्की आहे.

पण चित्र धुरकट दिसतंय, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे. आणि त्यात चूक आमची आहे.

आमच्या दुकानात टीव्हीवर जे चालू असतं, ती फुलं, मासे, डोंगरावरून उडणारे पक्षी, ते फोर-के पडद्यासाठीच चित्रित केलेलं असतं आणि पेनड्राइव्हवरून चालतं. शिवाय दुकानातले सेट ‘स्टोअर’ मोडवर असतात. त्यात उजेड आणि रंग अगदी वर नेलेले असतात, कारण डोक्यावर दहा ट्यूबलाइट पेटलेल्या असतात. तुमच्या घरी टीव्हीला जोडलाय केबलचा साधा एसडी, म्हणजे जुन्या पद्धतीचं कमी ठिपक्यांचं चित्र देणारा, बॉक्स. त्याच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. तुमच्या पडद्यावर ठिपके आहेत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीसपट. बॉक्सकडून आलेल्या एकेका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस ठिपके भरावे लागतात. त्यातला एक खरा, बाकीचे एकोणीस टीव्हीने अंदाजाने रंगवलेले. जुन्या २१ इंचीवर हेच चित्र गोड दिसायचं, कारण तो पडदा लहान होता. ५५ इंचीचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण सहापट भरतं. तेवढंच पीठ सहापट मोठ्या परातीवर पसरलं तर तळ दिसणारच.

त्यात आमच्या मुलाने फिटिंगच्या वेळी जुन्या सेटची पिवळी-लाल-पांढरी पिनांची वायरच नव्या टीव्हीला लावून दिली. घाईचे दिवस होते, दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात रोज डझनभर फिटिंग चालली होती, पण ते कारण तुम्ही का ऐकून घ्यावं? त्या वायरीतून चांगलं चित्र येऊच शकत नाही. उद्या तुम्ही एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांचं चित्र देणारा, बॉक्स आणलात आणि तीच वायर ठेवलीत, तरी चित्र एसडीच दिसेल. तिथे एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच चपट्या पिनेतून नेणारी, वायर हवी. चेहरे पसरट दिसतात त्याचं कारणही त्याच बॉक्समध्ये आहे. तो अजून जुन्या चौकोनी पडद्याच्या, ४:३च्या सेटिंगवर आहे. तो चित्र चौकोनात बसवून देतो आणि टीव्ही ते रुंदीला ताणतो. बॉक्सच्या मेनूत जाऊन १६:९ केलं की दोन मिनिटांत चेहरे ठीक होतात. हे फिटिंगच्या वेळीच व्हायला हवं होतं.

आता ‘गळ्यात मारला’ या शब्दाबद्दल. मला तो लागला. तुमच्या चिरंजीवांनी ५५ इंचीकडे बोट दाखवलं, असं आमचा काउंटरवरचा मुलगा सांगतो आणि मला ते खोटं वाटत नाही. पण गिऱ्हाइकाने बोट दाखवल्यावर चार प्रश्न विचारणं हे दुकानदाराचं काम. घरी बॉक्स कुठला, रोज काय बघता, किती फुटांवरून बघता, बसणारी माणसं कुठे बसतात? यातला एकही प्रश्न तुम्हाला विचारला गेला नाही. माझे वडील काउंटरवर होते तेव्हा हे प्रश्न विचारल्याशिवाय ते किंमतसुद्धा सांगत नसत. ती पद्धत माझ्या काळात सुटली, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या खोलीत दिवाण ते भिंत साडेआठ फूट आहे. त्या अंतराला ५५ इंची अजिबात मोठा नाही. चित्र चांगलं असेल तर सात फुटांवरूनही तो आरामात बघता येतो. पण घरी फक्त एसडी केबलच बघायची असेल, तर मी स्वतः तुम्हाला ४३च्या वर जाऊ दिलं नसतं, आणि ३२ म्हणालात तर त्यावर वाद घातला नसता.

दुसरी गोष्ट मला कागदावरची आकृती बघून कळली, तुमच्या अभिप्रायात ती नव्हती. आईंची खाट खिडकीकडेला आहे, म्हणजे त्या टीव्ही समोरून बघतच नाहीत, बऱ्याच कडेने बघतात. तुमच्या टीव्हीत व्हीए जातीचा पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, आहे. समोरून तो काळा रंग गडद दाखवतो, रात्रीच्या प्रसंगात सुरेख दिसतो, पण कडेने बघितलं की फिका पडतो. आयपीएस जातीचा पॅनल कडेनेही रंग धरतो, मात्र त्याचा काळा जरा राखाडी असतो. व्हीएमध्ये काळ्या-पांढऱ्यातला फरक साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त मिळतो, आयपीएसमध्ये १०००:१च्या आसपास. कुणी कुठला घ्यावा, हे बघणारी माणसं कुठे बसतात यावर ठरतं. जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या सेटमध्ये ही भानगडच नव्हती, स्वयंपाकघराच्या दारातून बघा नाहीतर खाटेवरून बघा, चित्र तेच. म्हणून वीस-बावीस वर्षांनी टीव्ही बदलणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा प्रश्न येतच नाही. तो दुकानदाराच्या डोक्यात यायला हवा.

भरीला, टीव्ही शोकेसच्या वर, फार उंच लागलाय. ५५ इंचीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जरासा वर असला तर मान अवघडत नाही आणि चित्रही नीट दिसतं. शोकेस हलवायची तुमची तयारी असेल तर आमची माणसं येऊन टीव्ही खाली घेतील, भिंतीतली आधीची भोकं बुजवून देतील. त्याचे पैसे नाहीत.

आवाजाचं दुखणं तुमच्या एकटीचं नाही. जुन्या सेटचं खोकं खोल होतं, त्यात मोठे स्पीकर मावायचे आणि आवाज थेट माणसाकडे यायचा. आताच्या पातळ टीव्हीत स्पीकर लहान, तेही खाली तोंड केलेले. आवाज शोकेसवर आपटून मग आईंपर्यंत जातो. पार्श्वसंगीत मोठं आणि बोलणं बारीक, असं वाटतं ते म्हणूनच. पण लगेच साउंडबार घेऊ नका. हे साउंडबार विकणारा माणूस सांगतोय. आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा मोड लावून पाहू. तुमच्याकडे जुना डेक किंवा अॅम्प्लिफायर असेल तर टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल पोर्टातून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून, एक लहान कन्व्हर्टर लावून तोही चालवता येतो. आईंना त्यानेही नीट ऐकू आलं नाही, तर मग साउंडबारचं बोलू.

जीएसटीबद्दल तुमच्यासारखंच बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हिशोबच देतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीचा कर २८ टक्क्यांवरून १८ झाला. पण याचा अर्थ बिलातून १० टक्के गेले असा होत नाही. मूळ किंमत १०० असेल तर आधी १२८ पडायचे, आता ११८ पडतात. म्हणजे बिल पावणेआठ टक्क्यांच्या जरा वर उतरतं. तुमच्या टीव्हीचा आधीचा भाव ४३,००० होता. त्याला १२८ने भागून ११८ने गुणलं की ३९,६४० येतात, आणि तुमच्या बिलावर तोच आकडा आहे. ३२ आणि त्याखालच्या टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे तिथे काही बदललं नाही.

आता बाबांच्या सेटबद्दल.

तुम्ही लिहिलंय की त्यांनी तो फेब्रुवारी २००३मध्ये, वर्ल्ड कपसाठी घेतला होता. मी गोडाऊनमध्ये जाऊन सेट पाहिला. मागच्या झाकणावर आमच्याच दुकानाचा स्टिकर आहे, जुना फोन नंबर असलेला, आणि त्यावर तारीख माझ्या वडिलांच्या अक्षरात. त्या महिन्यात दुकानात रात्री उशिरापर्यंत गर्दी असायची, ते मला आठवतं. अंतिम सामना आपण हरलो, त्या रात्री वडील सेट बंद करून तसेच खुर्चीत बसून राहिले होते. तुमच्या बाबांनीही ती मॅच याच सेटवर पाहिली असणार.

बाजारात अशा सेटला आज गिऱ्हाईक नाही. तो कितीही नीट चालत असला तरी नाही. त्याच्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं. आम्ही असे सेट भंगारवाल्याला देत नाही, ई-कचरा प्रक्रियेची नोंदणी असलेल्यांकडेच पाठवतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले नियमही तेच सांगतात. हजार रुपये ही त्या सेटची किंमत नव्हती, नव्या खरेदीवर दिलेली सवलत होती. बिलावर ‘जुन्या सेटची किंमत’ असं छापलं जातं, ते वाचून तुम्हाला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. ते शब्द मी बदलून घेतोय.

तर आता काय करायचं? रविवारी सकाळी मी स्वतः आमच्या जुन्या मेकॅनिकला घेऊन तुमच्याकडे येतो, वेळ तुम्ही सांगा. एचडीएमआयची वायर आणतो, बॉक्सचं सेटिंग बदलतो, टीव्हीचा शार्पनेस, म्हणजे चित्राच्या कडा ठळक करणारं सेटिंग, उतरवतो, कारण एसडी चित्रावर तो जेवढा वाढवावा तेवढे डाग ठळक होतात. मग चिरंजीवांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यूट्यूबवरून एखाद्या चॅनलच्या बातम्या लावू. तुमचा टीव्ही चांगल्या चित्रावर कसा दिसतो, ते आई खाटेवरून बघतील. तेवढ्याने समाधान झालं तर केबलवाल्याकडून फक्त एचडी बॉक्स बदलून घ्या. त्याचा महिन्याचा खर्च थोडा वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नाही झालं, तर ५५ परत घेऊन आयपीएस पॅनलचा ४३ देतो आणि फरकाचे पैसे त्याच दिवशी खात्यावर टाकतो. उघडलेला सेट मला नवा म्हणून विकता येणार नाही, तो दुकानात डेमोला लागेल. तो तोटा दुकानाचा, तुमचा नाही.

कालपासून काउंटरशेजारच्या ५५ इंचीवर मासे आणि फुलं बंद केली आहेत. त्यावर आता साध्या एसडी बॉक्सवरून केबल चालू असते, आणि शेजारी तोच चॅनल एचडीवर. काल दोन गिऱ्हाइकांनी दोन्ही बघून ५५ सोडला आणि ४३ नेला.

बाबांचा सेट मी कापड घालून बाजूला ठेवलाय, अजून कुठे पाठवलेला नाही. तुमच्याकडचा जुना बॉक्स आणि ती तीन पिनांची वायर त्याला लागेल, तेव्हा दोन्ही टाकू नका. तो परत हवा असेल तर रविवारी येताना गाडीत घालून आणतो, हजार रुपये मागत नाही. आईंना विचारून तेवढं कळवा.