लॉकडाऊनमधी कुत्रं घेऊन रायले? मग हे वाचाच

राजेहो, २०२०-२१ चे ते कोरोनाचे दिवस आठवा, शाळा बंद, हाफिस घरूनच, पोट्टे दिवसभर मोबाईलमधी तोंड खुपसून. मंग घरात कुत्रं तर पाहिजेच. घ्या ना बाप्पा, जरूर घ्या. आपण अनुभवी माणूस, दोन गोष्टी सांगतो.

पहिले म्हणजे गावातलं पिल्लू बिलकुल घ्यायचं नाही. कुटाराच्या ढिगामागं कुत्री व्याली असते, पाच-सहा पिल्लं फुकटात भेटतात, पण फुकटच्याचा स्टेटस कोण ठेवते? हस्की घ्या. बर्फातलं कुत्रं, आपल्या चंद्रपूरकडच्या मे महिन्यात ४६ डिग्रीत लय मजा येईन त्याले, वरून लोडशेडिंग.

पिल्लू जेवढं लहान तेवढं क्यूट. ८ आठवड्यांच्या आत विकू नये असा २०१७ चा सरकारी नियम आहे म्हणे, असू द्या. डोळे उघडले की आणा उचलून.

लस? आपण सोताची घ्यायले किती आढेवेढे घेतले, कुत्र्याचं काय घेऊन बसले. पार्वो, म्हणजे पिल्लायचा जीवघेणा आजार झाला, रक्ताची हगवण लागली, की हळद पाजा.

नाव टायगरच ठेवा.

आता मेन टिप. लॉकडाऊन उठलं, शाळा सुरू झाल्या, अन् ते कापसाचा गोळा असलेलं पिल्लू तीस किलोचं झालं, सोफा फाडते, केस गळते, पाहुण्यांयले वास येते. काही टेन्शन नाही. रात्री गाडीत टाका, डांबरी सोडून पांदणीनं वळवा अन् कोणाच्या तरी वावरात उतरवून द्या. खेड्यात काय, कुठंही जगते ते.

कोणाच्या तरी म्हणजे माह्या. मागच्या सोमवारी पऱ्हाटीले पाणी द्याले गेलो तं धुऱ्यावरच्या बाभळीले लॅब्राडोर कुत्रं बांधलेलं. बांधलेलं, बरं का! म्हणजे मागं पळत येऊ नाही म्हणून. कानात गोचिडं एवढी की बायको अन् मी दोन तास चिमट्यानं काढत होतो. भाकर टाकली तं नुसती हुंगली, त्याले पाकिटातलं खायची सवय. 'बस' म्हटलं तं पाहत रायते, 'सिट' म्हटलं की टपकन बसते. इंग्रजी शिकवलं त्याले, अन् तुमाले दहा-बारा वर्षं सांभाळाचं असते एवढं मराठीत समजलं नाही?

गावची कुत्री त्याले रात्री फाडून खातीन म्हणून कोठ्यात बैलाजवळ बांधलं. रेबीजची सुई मी देऊन आणली, तालुक्यापर्यंत गाडी भाड्यानं करून. अबे, वावर म्हणजे तुमच्या बापाचा उकिरडा आहे का? करमत नव्हतं म्हणून जीव आणला, करमाले लागलं तं फेकून देल्ला. लाज वाटत नाही? पोट्ट्यायले काय सांगितलं, पळून गेला म्हणून?

रस्त्यानं कोणतीही कार गेली की ते कान टवकारून उभं रायते अन् धूळ बसेपर्यंत तिकडंच पाहते. लाल पट्टा आहे गळ्यात, घुंगरू लावलेला. ज्याचा असीन त्यानं यावं न्यायले, मी कोठ्यावरच असतो.