चाळिशीतला विसर म्हणजे डिमेन्शिया नव्हे

‘चाळिशीनंतर नावे आठवेनाशी झाली की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झालाच,’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा चुकीचा आहे. अनेक अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात, स्मृतीची तक्रार असलेल्या पण चाचण्यांत दोष न आढळलेल्या ज्येष्ठांपैकी वर्षाला सुमारे २.३ टक्के, तर तक्रार नसलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांना डिमेन्शिया झाला. म्हणजे धोका दुपटीहून अधिक असला तरी बहुसंख्यांना डिमेन्शिया झाला नाही, आणि हे आकडे चाळिशीला जसेच्या तसे लावणे तर मुळीच योग्य नाही. शेजाऱ्याचे नाव ओठांवर येऊन अडकणे वेगळे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे वेगळे. पन्नाशीच्या आतबाहेर अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहाऱ्यांत ती सर्रास आढळते) यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. तक्रार वाढत असल्यास, विशेषतः ती घरच्यांनाही जाणवत असल्यास, डॉक्टरांना जरूर दाखवावे.