सहावा प्रश्न आणि बाकीचं: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि उत्तर लिहायला बुधवार उजाडला. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं 'एक पालक, सांगली' असं आहे. त्यामुळे ताई म्हणू की दादा हे कळेना, 'तुम्ही'वर भागवते. आणि आधीच सांगून टाकते, मी सर नाही, बाई आहे. इंग्रजीच्या उताऱ्यात कुस्ती आली की लिहिणारा सरच असणार असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दहावीच्या मुलांच्या सरावासाठी मी खेळ, व्यायाम आणि आरोग्य या विषयांवरचे आठ इंग्रजी उतारे दिले होते, प्रश्न आणि उत्तरसूचीसकट. त्यावर या पालकांनी लिहिलं: "सर, उतारे आपल्या सातारा-सांगलीच्या खेळाडूंवर आहेत हे ठीक, पण ही माहिती मुलांना आधीपासूनच असते. उतारा न वाचता उत्तरं देता येतात. मग वाचन कसलं तपासता? परीक्षेत टेनिस येतं, योगा येतो, कुस्ती येत नाही. शिवाय प्रत्येक उताऱ्याखाली मराठीत स्पष्टीकरण. अशाने मुलं इंग्रजीतून विचार कधी करणार? माझ्या मुलीला तर कुस्तीत काडीचा रस नाही. आणि पहिल्या उताऱ्यातल्या सहाव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर चुकलंय. तिने फॉल्स लिहिलं होतं, तुमची सूची बघून खोडून ट्रू केलं."

हे शेवटचं वाक्य वाचून जीव चरकला. म्हणून आधी तेच.

तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. पहिला उतारा पैलवान खाशाबा जाधवांवर आहे. त्यात मीच लिहिलेलं वाक्य असं: 'ही वन द फर्स्ट इंडिव्हिज्युअल ऑलिम्पिक मेडल ऑफ इंडिपेंडंट इंडिया', म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी जिंकलं. आणि सहाव्या प्रश्नातलं विधान: 'खाशाबा जाधव वन इंडियाज फर्स्ट ऑलिम्पिक मेडल.' ट्रू की फॉल्स? उत्तर फॉल्सच. हॉकीची सुवर्णपदकं 1928 पासून येत होती. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं सुवर्णही 1948 ला लंडनमध्ये हॉकीनेच आणलं. खाशाबांचं कांस्य 1952 चं, हेलसिंकीचं, फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट या वजनी गटातलं. म्हणजे त्या वाक्यात 'इंडिव्हिज्युअल' आणि 'इंडिपेंडंट' हे दोन शब्द शोभेला नाहीत, सगळं वाक्य त्यांच्यावरच उभं आहे. तुमच्या मुलीने ते बघितले. मी बघितले नाहीत, आणि वाक्य माझंच होतं!

हे झालं कसं, तेही सांगते. माझं आजोळ कराडजवळचं, तिथून खाशाबांचं गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. खाशाबा परत आले तेव्हा बैलगाड्या जुंपून त्यांना कसं मिरवत नेलं, ही गोष्ट आजोबांनी किती वेळा सांगितली असेल त्याची मोजदाद नाही. आणि दर वेळी शेवट एकच: "हिंदुस्थानाला पयलं मेडल आमच्या खाशाबानं आणलं." उतारा लिहिताना मी पुस्तकं समोर ठेवून, तपासून लिहिला. उत्तरसूची केली रात्री साडेअकराला, उताऱ्याकडे न बघता. सहाव्यापुढे जे ट्रू पडलं ते आजोबांचं उत्तर होतं.

आता तुमच्या मूळ आक्षेपाकडे येते, कारण माझी चूक आणि तुमचा आक्षेप एकाच जागी येऊन भिडतात. तुम्ही म्हणता, विषय माहितीचा असला की मूल न वाचता उत्तर देतं. अगदी खरं. पण ते उत्तर बरोबर येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव उलटा आहे. माहितीच्या विषयावर मुलं छातीठोकपणे चुकतात.

तिसरा उतारा आठवा. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनवरचा, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाऊन परत यायचं, 21 किलोमीटर. त्यात धावणाऱ्याला सल्ला आहे की शर्यतीच्या सकाळी हलकं खा, नेहमी खाता तेच खा, नवीन काही पोटात ढकलू नका. प्रश्न होता, शर्यतीआधी काय खावं असं लेखक सुचवतो? माझ्या वर्गात 31 मुलं. 11 जणांनी लिहिलं: मिल्क, आल्मंड्स अँड घी. एकाने तर थंडाईही लिहिली, स्पेलिंग स्वतः तयार करून. उताऱ्यात दुधाचा थेंब नाही, तुपाचा कण नाही. पण ही पोरं तालमीच्या गावांतली. ताकद म्हटलं की खुराक, आणि खुराक म्हटलं की दूध-बदाम-तूप, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की डोळे ओळीवरून फिरले तरी ओळ आत शिरलीच नाही. हाच उतारा मी विम्बल्डनवर दिला असता, तर शब्द अडले म्हणून त्यांनी निदान दोनदा वाचला असता.

पाण्याचंही तसंच. उताऱ्यात होतं, तहान लागायची वाट बघू नका, मध्ये मध्ये घोटभर पीत राहा. उत्तरं आली, 'उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये.' हे आजीचं वाक्य. आजी बरोबर की चूक हा प्रश्न इथे नाहीच, प्रश्न 'अकॉर्डिंग टु द पॅसेज' असा आहे.

तर मी मुद्दाम ओळखीचा विषय घेते तो यासाठी. 'मला काय माहीत आहे' आणि 'इथे काय लिहिलंय' यातली फट मुलाला स्वतःच्या वहीत दिसायला हवी. अनोळखी विषयावर ती दिसत नाही, तिथे शब्दच इतके अडवतात की बाकी काही कळत नाही. त्या उताऱ्यांचा सराव हवाच, पण तो नंतर.

असं म्हणत असले तरी तुमचा टोला अर्धा बसलाय, तो कसा ते सांगते. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी नवऱ्याला जेवताना पहिल्या उताऱ्याचे फक्त प्रश्न वाचून दाखवले. उतारा दाखवला नाही. हा माणूस दहावीनंतर इंग्रजीच्या वाटेला गेलेला नाही. सातपैकी चार बरोबर! वर "एवढंच?" म्हणून भाकरी मागितली. म्हणजे ते चार प्रश्न वाचन तपासतच नव्हते. कोणत्या गावचे, कोणता खेळ, कोणतं पदक, कुठल्या शहरात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ते चारही प्रश्न काढलेत. त्यांच्या जागी 1948 घेतलंय. त्या वर्षी लंडनला खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले, सराव मातीतला आणि तिथे कुस्ती मॅटवर. मुलांना 1952 पाठ असतं, 1948 नसतं, त्यामुळे उताऱ्यात परत जावंच लागतं. बाकीच्या सात उताऱ्यांची हीच चाचणी चालू आहे. प्रश्नांचा कागद घेऊन शेजारीपाजारी फिरते आहे, लोक आता दार लोटून घेतात.

मराठीतल्या स्पष्टीकरणाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. एक नमुना देते, मग तुम्हीच ठरवा.

पाचवा उतारा तुमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरवर आहे. 2022 ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, 55 किलो वजनी गट. स्नॅचमध्ये (वजन एका दमात डोक्यावर) 113 किलो, क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 135, एकूण 248. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात उजवं कोपर दुखावलं, पुढे वजन वाढवता आलं नाही. मलेशियाच्या अनिक कस्दानने 249 उचलले. एका किलोने सुवर्ण हुकलं. प्रश्न होता, 'व्हाय डिड सरगर मिस द गोल्ड?'

वर्गातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत एकच उत्तर: 'अनिक कस्दान ऑफ मलेशिया वन द गोल्ड.' हे कुठून आलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. मुलं प्रश्नातला एक ठळक शब्द पकडतात, इथे 'गोल्ड', उताऱ्यात तो शब्द कुठे आहे ते बोटाने शोधतात आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतात. क्लासेसमध्ये हे चक्क शिकवलं जातं. 'व्हाय'कडे कुणी बघतच नाही.

मी वह्या मिटायला लावल्या आणि मराठीत विचारलं, "का रे हुकलं त्याचं सुवर्ण?" मागच्या बाकावरून लगेच आवाज: "बाई, कोपर गेलं की त्याचं!" म्हणजे पोराला समजलेलं होतं. वाचन झालेलं होतं. अडलं होतं ते उत्तर मांडण्यात. हे मी इंग्रजीतच विचारत बसले असते, तर या पोराला काही कळलेलं नाही असं समजून पुन्हा उतारा वाचून घेतला असता आणि त्याचं दुखणं तसंच राहिलं असतं. दुखणं कुठलं ते ओळखायला मी मराठी वापरते. औषध इंग्रजीतच देते, उत्तर शेवटी 'बिकॉज ही इंजर्ड हिज एल्बो' असंच लिहून घेते.

दुसरी गोष्ट शब्दांची. खेळाच्या इंग्रजीत अवघड शब्द फारसे घात करत नाहीत, सोपे करतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. उताऱ्यात वाक्य होतं, 'शी ब्रोक द नॅशनल रेकॉर्ड इन हर हीट.' हीट म्हणजे प्राथमिक फेरी. वर्गात अर्थ काय निघाला? उन्हात विक्रम मोडला. कुणी 'रागाच्या भरात' म्हणालं. माणचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना 'उन्हात' पटतंही सहज, त्यामुळे चूक चूक वाटत नाही. पुढचा प्रश्न होता, ती अंतिम फेरीत आधीपेक्षा वेगाने धावली का? प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, अंतिम फेरीत 9 मिनिटं 22.74 सेकंद आणि दहावी. ज्याला हीटचा अर्थ लागला नाही, त्याला दोन वेगळ्या शर्यती आहेत हेच कळत नाही, मग तुलना कशाची करणार?

'हार्डली'ने तर दरवर्षी बळी घेतले आहेत. 'ही हार्डली प्रॅक्टिस्ड' म्हणजे त्याने सराव जवळजवळ केलाच नाही, पण त्याने कसून सराव केला, असं मुलं बेधडक लिहितात आणि अख्खा उतारा उलटा करून ठेवतात. आणि 'फिट' आलं की वर्गात खसखस पिकते, कारण आमच्याकडे फिट 'येते'. हे सगळं इंग्रजीतून समजावून बघा एकदा.

मुलीला कुस्तीत रस नाही म्हणता, त्याचा मला राग नाही, मलाही लहानपणी नव्हता. पण आठपैकी कुस्तीचा उतारा एकच आहे, दोनदा मोजला. खरी उणीव तुम्ही सांगितलेली नाही, ती मीच सांगते: आठात बाईवरचा उतारा एकच, ललिताचा. हे माझ्याच हातून व्हावं याची लाज वाटली. नवव्या उताऱ्याला साताऱ्याची अदिती स्वामी घेतली आहे. 2023 साली, वयाच्या 17 व्या वर्षी, बर्लिनमध्ये ती कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली. त्यात 'शी ड्रू द बो', म्हणजे तिने धनुष्य ताणलं, असं वाक्य मुद्दाम ठेवलंय. धनुष्याचं चित्र कोण काढतं ते बघू. दहाव्याला स्मृती मानधना आहे. ती सांगलीत वाढली, म्हणजे तिच्यावरचे प्रश्न तुमच्या घरी न वाचताच सुटतील. तेव्हा ते मी आधी सांगलीतल्याच कुणावर तरी तपासून घेईन.

परीक्षेचं म्हणाल तर अनसीनला, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला, कुठला विषय येईल हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे टेनिसचे पाच उतारे घोटून काही मिळणार नाही. एवढं मात्र मुलीला जरूर सांगा: कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, उताऱ्यावरची शेवटची कृती वैयक्तिक प्रतिसादाची असते. आजी, आजोबा, तालीम, दूध-बदाम, स्वतःचं मत, सगळं तिथे चालतं. त्याच्या आधीच्या कृतींत ते कुणालाही आत घ्यायचं नाही. बरीच मुलं नेमकं उलटं करतात. वरच्या कृतींत स्वतःचं ज्ञान लिहितात आणि शेवटी मत विचारलं की उताऱ्यातली ओळ उतरवतात.

उत्तरसूची काल रात्री दुरुस्त केली आहे, या वेळी उतारा समोर ठेवून. सहाव्यापुढे आता फॉल्स आहे. मुलीला तिची वही काढायला सांगा. ते खोडलेलं उत्तर तिने पुन्हा लिहावं, आणि शेजारी लाल पेनाने एक मार्क तुम्ही द्या, सही माझ्या वतीने केलीत तरी चालेल. आणि तिला वेळ असेल तर नववा-दहावा उतारा मी टाकण्याआधी तिच्याकडे पाठवते. उत्तरसूची तिनेच करावी, मी माझी तिच्याशी ताडून बघेन.