पेन्शन हमखास अडकवण्याची रीत

फौजेची पेन्शन महिन्याच्या शेवटी मुकाट्याने खात्यात जमा होते, ही तिची मोठी उणीव. कुठे जावं लागत नाही, कोणाला भेटावं लागत नाही. मग निवृत्त माणसाने दिवसभर करायचं काय? अडकलेल्या पेन्शनीचं तसं नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या होतात, जुने सोबती सैनिक बोर्डाच्या बाकावर भेटतात, इंग्रजी अर्ज लिहायचा सराव राहतो आणि प्रयागराज कुंभमेळ्याखेरीज आणखी कशासाठी प्रसिद्ध आहे तेही कळतं. संरक्षण पेन्शनचं मुख्य लेखा कार्यालय तिथे आहे. सगळ्या वाटा शेवटी तिकडेच जातात. सरकारने आपल्या बाजूची तयारी बरीच करून ठेवली आहे, उरलेली तुम्ही करायची.

सुरुवात नोकरीत असतानाच करावी. लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटचा लेखी नोंद-आदेश, निघावी लागते. ती निघाली की रेकॉर्ड ऑफिसात तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, नोंद होते, आणि पुढे पी.पी.ओ.त, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव येतं ते त्या नोंदीवरूनच. तेव्हा सुट्टी संपवून युनिटला परतलात की क्लार्कला पेढे द्या, 'शादी हो गयी साहब' म्हणा, आणि लग्नाचा दाखला ट्रंकेच्या तळाशी ठेवा. पंचवीस-तीस वर्षं तो तिथे सुखरूप राहतो.

नोंद करावीच लागली, तर नावात तरी फरक ठेवा. आपल्याकडे याची सोय परंपरेनेच आहे. शाळेच्या दाखल्यावर कमल, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेली सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, आणि युनिटच्या क्लार्कने त्याच्या गावच्या रिवाजाप्रमाणे लिहिलेली सुनंदा देवी. संसार एक, बायका चार. हे तुम्ही हयात असताना दुरुस्त होऊ शकतं: प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांचे पुरावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज (मराठा रेजिमेंटचे असाल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचे असाल तर खडकी), आणि मग दुरुस्तीचा पी.पी.ओ. म्हणूनच ते करायचं नाही. तुमच्या पश्चात तिने एकटीने चारही बायका आपणच आहोत हे सिद्ध करण्यात जी गंमत आहे, ती तुमच्या सहीने घालवू नका.

तिची जन्मतारीखही पी.पी.ओ.त कोरी असू द्या. याचं फळ उशिरा मिळतं, पण खात्रीने मिळतं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ असते, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५०, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे. पण यंत्रणेला तारीखच माहीत नसेल तर ऐंशी भरले कधी हे ठरवणार कोण? त्यातून आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर फारच उत्तम. ऐंशी पूर्ण झालेल्या बाईंना आपण ऐंशीच्या आहोत हे पटवून देता देता त्र्याऐंशी सहज लागतात.

फॅमिली पेन्शन ही काय चीज आहे, तेही घरात बोलू नका. निवृत्त जवान गेल्यावर बायकोला पहिली सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यातलं जे आधी संपेल तितका काळ शेवटच्या पगाराच्या ५० टक्के मिळतात, नंतर ३० टक्के. मृत्यूची खबर वेळेत दिली नाही तर त्याची पेन्शन काही महिने खात्यात येत राहते, घरच्यांना वाटतं हीच तिची. ती खर्च होते आणि मग वसुलीचं पत्र येतं. म्हणून खातं एकट्याच्या नावावर ठेवा, 'स्पर्श'चा (बँकांऐवजी आता पेन्शन वाटणारी सरकारी ऑनलाइन यंत्रणा) पासवर्ड फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवा, आणि तिथे मोबाईल नंबर द्यायचा तो नातवाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा.

आता नोव्हेंबर. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी कळवण्याचा हा महिना. ८० पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे, पण घाई कशाला? २९ तारखेला केंद्रावर जा, त्या दिवशी सर्व्हरही तुमच्याइतकाच दमलेला असतो. जाताना बँकेच्या काळातला जुना पी.पी.ओ. नंबर न्या, 'स्पर्श'ने दिलेला नवा नंबर घरी ठेवा. जीवन प्रमाणच्या, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या, फॉर्मवर दोन रकाने फार कामाचे आहेत, मंजुरी देणारं कार्यालय आणि पेन्शन वाटणारं कार्यालय. स्थलसेनेच्या पेन्शनरने पहिल्यात 'डिफेन्स – पी.सी.डी.ए. (पी) अलाहाबाद' आणि दुसऱ्यात 'स्पर्श – पी.सी.डी.ए. (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडलं की काम बिनबोभाट होतं; पी.सी.डी.ए. म्हणजे प्रयागराजचं तेच लेखा कार्यालय. हवाई दलाला पहिल्या रकान्यात दिल्लीचं सुब्रोतो पार्क, नौदलाला मुंबई. तुम्ही मात्र केंद्रावरच्या पोराला 'पेन्शन स्टेट बँकेत येते' एवढंच सांगा. तो वाटपाच्या रकान्यात बँक निवडेल आणि तुमचा दाखला बिनचूक तयार होऊन भलत्याच ठिकाणी जाईल.

मोबाईलवर प्रमाण आय.डी. आला की पेढे वाटा. दाखला तयार झाला एवढाच त्याचा अर्थ असतो, पेन्शन कार्यालयाने तो स्वीकारला की नाही हे वेगळं बघावं लागतं, ते बघू नका. स्वतःची आणि नवऱ्याची अशा दोन पेन्शनी असलेल्या बाईंनी दाखला एकाच पी.पी.ओ.वर द्यावा. जीव एकच आहे, असा युक्तिवाद तयार ठेवावा.

शेतात राबलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हा आणखी एक हातखंडा उपाय. पंचवीस वर्षं रायफल आणि नंतर पंधरा वर्षं खुरपं धरलेला अंगठा यंत्राला ओळखता येत नाही. चेहरा दाखवून दाखला काढायचं ॲप नोव्हेंबर २०२१ पासून आहे, डोळ्याच्या बुबुळाचीही सोय असते, आणि हे काहीच नको असेल तर अधिकाऱ्याच्या सहीचा कागदी दाखला 'स्पर्श'वर चढवता येतो. मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार जीवन प्रमाणसाठी आधार देणं ऐच्छिक आहे. पण हे केंद्रावर काढू नका, मागे रांग असते.

एकट्याने हे जमत नसेल तर सामुदायिक प्रयोगही झालेला आहे. बँकांकडून 'स्पर्श'कडे वर्ग झालेल्यांपैकी ५८,२७५ जणांची ओळख वेळेत पटली नव्हती म्हणून एप्रिल २०२२ची पेन्शन खात्यात आलीच नाही. ओरड झाल्यावर ४ मेला खास सवलत म्हणून ती सोडली आणि २५ मेपर्यंत ओळख पटवायला सांगितलं. माणसं तीच, खाती तीच, बदललं होतं फक्त संगणकाचं दार. आपलीच पेन्शन 'सवलत' म्हणून घेण्याचं भाग्य इतक्या जणांना एकदम क्वचितच लाभतं.

आता खासगीपणाकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. हा हक्क खिशात घालून झेरॉक्सच्या दुकानात जा. पी.पी.ओ., डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, पासबुक या सगळ्याचं स्कॅन दुकानदाराच्या डेस्कटॉपवर करून घ्या आणि पुढच्या वेळी सोपं पडावं म्हणून तिथेच राहू द्या. पासवर्डही त्यालाच ठेवायला सांगा, त्याच्या लक्षात राहतो.

तेवढ्याने भागत नसेल तर व्हॉट्सॲपवरचा माजी सैनिकांचा ग्रुप आहे. 'साहेब, माझी ओ.आर.ओ.पी. (एक हुद्दा, एक पेन्शन) बरोबर लागली का बघा' असं लिहून पूर्ण पी.पी.ओ.चा फोटो टाका. हुद्दा, सैनिक क्रमांक, भरती आणि निवृत्तीची तारीख, बायकोचं नाव, बँक खातं, सगळं एका पानावर येतं. ग्रुपात शेकडो माणसं असतात, त्यातली दहा-वीस ओळखीची. पुढे काही दिवसांनी 'प्रयागराज ऑफिसमधून बोलतोय' असा फोन येतो. पलीकडच्या माणसाला तुमची निवृत्तीची तारीख ठाऊक असते, म्हणजे तो ऑफिसचाच असणार, नाही का? हयातीचा दाखला फोनवरून चालू करून देतो, ओ.टी.पी. सांगा, म्हणतो. कोणतंही पेन्शन कार्यालय फोन करून दाखला चालू करत नाही, तो पेन्शनरनेच द्यायचा असतो. पण आज्ञापालनाची इतक्या वर्षांची सवय अशी लगेच थोडीच जाते. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात अजिबात फोन करू नका, रक्कम वाटेत गोठवली जाण्याचा धोका असतो.

आधारची प्रत देताना पूर्ण बारा आकडे दिसतील अशीच द्या. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, ते विसरा. या बाबतीत खुद्द आधार प्राधिकरणाचा आदर्श समोर ठेवावा. २७ मे २०२२ला त्यांच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो' असं बजावलं आणि २९ मेला 'चुकीचा अर्थ निघू शकतो' म्हणून ते मागे घेण्यात आलं. दोन दिवस का होईना, देशाला खरं सांगितलं होतं. बोटांचे ठसे आधारच्या ॲपवर लॉक करता येतात, म्हणजे कोणी सिलिकॉनचा नकली अंगठा लावून ओ.टी.पी.शिवाय खात्यातून पैसे काढू शकत नाही. नोव्हेंबरमध्ये दाखल्यापुरतं लॉक काढायचं आणि परत लावायचं, एवढंच काम. लॉक करू नका. केलंत, तर दाखल्याच्या दिवशी काढायला विसरा.

दुखापतीची पेन्शन हवी असणाऱ्यांनी आधी दुखणं लपवावं. सिक रिपोर्ट करणारा जवान कामचुकार समजला जातो, तेव्हा गुडघा, कान, रक्तदाब अंगावर काढा, कागदावर काही येऊ देऊ नका. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर न वाचता सही करा. तिथे 'सेवेमुळे झालेलं नाही, सेवेने वाढलेलंही नाही' असं लिहिलेलं असतं, आणि एवढ्या एका ओळीवर पेन्शन जाते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतलाच धरावा, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये सांगितलं. ज्या जवानासाठी सांगितलं, त्याला १९९४मध्येच घरी पाठवलं होतं. त्याचं नाव आणि आजार दोन्ही निकालपत्रात, इंटरनेटवर, कायमचे आहेत. इथे ते लिहीत नाही, एवढंच आपल्या हातात. २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरायचं, हा लाभ पूर्ण नोकरी करून निघालेल्यांनाही द्या, असा निकाल १० डिसेंबर २०१४चा. तरीही एकेकाला लष्करी न्यायाधिकरणात जावं लागतंच. महाराष्ट्र-गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तुम्ही जाण्याची घाई करू नका. थकबाकी बऱ्याचदा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळत आली आहे, तेव्हा थांबलेलं प्रत्येक वर्ष सरकारच्या तिजोरीला तुमची देणगी.

राहता राहिली 'एक हुद्दा, एक पेन्शन', म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर निवृत्ती कधीही झाली तरी पेन्शन सारखी. त्यासाठी लागतं दीर्घायुष्य. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११मध्ये ती मान्य करा म्हणून सांगितलं. अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले ते. मग जंतरमंतरवर पदकं लावून म्हातारी माणसं बसली, १४ ऑगस्ट २०१५ला, स्वातंत्र्यदिनाच्या सुरक्षेसाठी, पोलिसांनी त्यांना हटवायला सुरुवात केली. देश ज्यांच्यापासून सुरक्षित करायचा ते असे लगेच सापडले. नोव्हेंबर २०१५मध्ये आदेश निघाला: १ जुलै २०१४पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती. १ जुलै २०१९ची फेरनिश्चिती मंत्रिमंडळाने मंजूर केली २३ डिसेंबर २०२२ला, तीही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये 'तीन महिन्यांत द्या' म्हटल्यावर. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत देण्याचं मंत्रालयाने परस्पर ठरवलं. न्यायालयाने खडसावलं, बंद लिफाफ्यातलं टिपण घ्यायला नकार दिला आणि २० मार्च २०२३ला स्वतःच वेळापत्रक लावलं: फॅमिली पेन्शनर आणि शौर्यपदकवाल्यांना ३० एप्रिलपर्यंत, ७० ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४पर्यंत. नंतर चारच महिन्यांनी, १ जुलै २०२४ला, पुढची फेरनिश्चिती देय झाली.

त्यानंतरची १ जुलै २०२९ला आहे. आज साठीत असाल तर हिशेब आताच मांडून ठेवा. फरक हातात पडेपर्यंत सत्तरी गाठलीत, तर निदान रांगेत पुढचा नंबर लागेल.