‘निजामकालीन’ पानदान आणि आमचे कासारकाका

साडेनऊ हजार रुपये मोजून मी गेल्या दिवाळीत एक पितळी पानदान घेतलं. घेताना वाटत होतं, दुकानदाराला कळलेलंच नाही आपण काय विकतोय ते!

हायवेलगतचं दुकान. दारात बैलगाडीचं चाक टेकवलेलं, आत समया, घंगाळं, भोंग्याचे ग्रामोफोन. "मॅडम, निजामाच्या काळातलं आहे. दीडशे वर्षं जुनं. एका जहागीरदारांच्या वाड्यातून आलंय. बिल मिळणार नाही, पण माल शंभर टक्के ओरिजिनल." कोणते जहागीरदार, असं विचारलं तर म्हणाला, "घराण्याच्या अब्रूचा प्रश्न असतो ना मॅडम." हे उत्तर मला इतकं आवडलं की घासाघीसही धड केली नाही.

उदगीरला परतल्यावर गल्लीतल्या कासारकाकांकडे नेलं. दाखवायला कसलं, मिरवायलाच. त्यांनी झाकणावरच्या नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी पानदान उलटं केलं, मग कडी दोनदा हलवली.

"ताई, ही कडी दीडशे वर्सं हालली म्हणता, मग भोक गोलच्या गोल कसं ऱ्हायलं?"

खरंच. आजीच्या डब्याच्या कडीचं भोक झिजून लांबट झालेलं मला आठवलं. या पानदानाच्या तळाच्या कडाही चाकूसारख्या. दीडशे वर्षं फरशीवर सरकलेली वस्तू अशी राहील का? आणि मला सगळ्यात भावला होता तो त्याचा काळपट रंग! काका हसले. "तुमच्या घरी पितळ कसं घासायचे?" चिंचेनं, राखेनं, रोजच्या रोज. मग ते काळं राहील कशाला? आपल्याकडचं वापरातलं जुनं भांडं झिजलेलं असतं, मळलेलं नसतं. नक्षीच्या कडा बोथट होतात, कोरलेलं नाव पुसट होतं, हात जिथे लागतो ती जागा गुळगुळीत होते. इथे सगळीकडे सारखाच काळेपणा, कोपऱ्यात तेवढाच आणि मुठीवरही तेवढाच. तो केमिकलचा होता.

तळाला ‘सन १८७५’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं. सगळे ठिपके एकाच मापाचे, मशीनचे. काका म्हणाले, "निजामाच्या जहागीरदाराला इंग्रजी सन कशाला लागला?" आजीच्या रुखवताच्या तांब्यावर शके १८५० आहे, म्हणजे १९२८. निजामाच्या सरकारी कागदांवर फसली, म्हणजे महसुली साल असायचं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं. खोटं कोरणाऱ्याने एवढा तरी अभ्यास करायचा!

आता माझं मत. नकलेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. १९५६ पर्यंत आमचं उदगीर बिदर जिल्ह्यात होतं, त्यामुळे बिदरी कामाचं आम्हाला अप्रूप आणि अभिमान दोन्ही. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली वस्तू, तिच्यावर खोदलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिचा काळा रंग आणायचा. ती माती चांदीला काळं करत नाही, फक्त जस्ताच्या धातूला करते. माझ्याकडची बिदरी फुलदाणी नवी कोरी आहे. कारागिराने नवी म्हणूनच विकली, घडणावळ सांगितली, मी दिली. तिच्यात खोटं काय आहे? खोटं असतं ते भलत्याच धातूवर काळा ऑइलपेंट मारून ‘जुनी बिदरी’ म्हणणं. खोटं वस्तूत नसतं, तिच्या सांगितलेल्या वयात असतं.

त्यातही एक गंमत आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू (हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर) धंदा म्हणून विकायची तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर तर खाजगी माणसाला नेताच येत नाही. मग ‘दीडशे वर्षांचं आहे, बिल नाही, परवाना नाही’ म्हणणारा दुकानदार खरं बोलत असेल तर कायदा मोडतोय आणि खोटं बोलत असेल तर मला फसवतोय. दोन्हीकडून माझे साडेनऊ हजार गेलेच. हे मला दुकानात का सुचलं नाही, ते विचारू नका.

नाण्यांचा बाजार तर विचारूच नका. १८१८ सालचं, रामदरबार नाहीतर हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं तुम्हालाही कुणीतरी दाखवलं असेल. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तरी ‘हे तांदूळ ओढतं’, म्हणजे चमत्कारी आहे, म्हणून लाखांच्या गोष्टी करणारे भेटतात, आणि चांगले शिकलेले लोक खिशातून तांदूळ काढतात.

पैठणीच्या बाबतीत मात्र आपण करायला हवं ते करत नाही. साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. मशीनच्या पदराला मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. दुकानात उलटी करायला आपल्याला संकोच वाटतो. आईच्या लहानपणी ‘जुनी जरीऽऽ’ ओरडत माणूस यायचा. त्याला संकोच नव्हता. तो साडी घ्यायचा तीच जाळून चांदी काढायला.

आणि इथे माझ्या रागाची हवा जाते. त्याच्या झोळीत पैठण्या आपणच टाकल्या. आमच्या घरचं घंगाळ, दोन हंडे, एक परात मोडीत गेली, बदल्यात स्टीलची पातेली आली आणि आजी खूश होती, कारण घासायचा त्रास वाचला. किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांची धास्ती बसली, ती समजण्यासारखी होती. पण मामांच्या वाड्याचा नक्षीचा दरवाजा सरपणाच्या भावाने गेला. आज तसाच दरवाजा, नवा करून, स्क्रू मारून, कुठल्यातरी रिसॉर्टच्या भिंतीला लावलेला दिसतो. स्क्रूच्या डोक्यावर फुली असेल तर तो दरवाजा पेशवाईतला नाही एवढं नक्की. तो स्क्रू १९३० नंतरचा.

खरं जुनं बघायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी, मृण्मूर्ती बघत तासभर थांबा. डोळ्याला झीज ओळखायची सवय लागते. मी हे पानदान घेण्याच्या आधी जायला हवं होतं.

परवा पानदान घेऊन पुन्हा काकांकडे गेले. म्हटलं, ते ‘सन १८७५’ घासून काढा आणि खरं साल टाका. ते चष्मा लावून बसले. "नाव कुणाचं टाकू?"

"माझंच."

"अक्षराला पाच रुपये. आणि ताई, आडनाव लांब हाय तुमचं."