अकरा महिने आणि नोटरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घराचा भाडेकरार नोंदवाच, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केली की भागतं, दर वर्षीचा नोंदणीचा खर्च घरमालकाने का सोसावा, आणि मी एजंटांची दुकानं चालवतोय. एजंटांचं शेवटी बोलू.

अकरा महिन्यांची पळवाट १९०८ च्या नोंदणी कायद्यातली: वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती २००० सालापासून बुजवली आहे. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पाच हजारांपर्यंतच्या दंडाला तुम्ही भीक घालणार नाही, ठीक. (तीन महिन्यांपर्यंत कैदही लिहिली आहे, असो.) खरी मेख पुढे आहे. नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. तो म्हणाला डिपॉझिट दोन लाख दिलं, तर एकच घेतलं होतं हे तुम्ही सिद्ध करत बसायचं.

आता खर्च. महिना वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट धरा. वर्षाचं भाडं २,४०,००० आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी १०,०००, मिळून अडीच लाख. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ६२५ रुपये, शहरात नोंदणी फी १,०००, डॉक्युमेंट हँडलिंगचे वेगळे. तीन वर्षं दर वर्षी नवा करार केलात तर ४,८७५. एकदाच ३६ महिन्यांचा केलात तर १,८७५ अधिक १,०००, म्हणजे २,८७५. भाडेवाढ आणि एक महिन्याची नोटीस आतच लिहा. वाढीमुळे शुल्क जरासं चढेल, पण दर वर्षीची धावपळ वाचते. तीन वर्षांचा करार केला म्हणून भाडेकरू मालक होत नाही. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरलेल्या काळापुरतं घर नुसतं वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर तो हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं.

ऑनलाइन नोंदणी करताना वडिलांचा अंगठा मशिनवर उमटत नाही, ही तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. वयस्कर माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि त्यात साइट मध्येच लटकते. अशा वेळी घरी मशिन घेऊन येणाऱ्या एजंटाला पैसे दिले तर मला त्यात गैर वाटत नाही. माहिती स्वतः भरता येत असेल तर एजंट नकोच. फक्त अंगठा देण्याआधी मसुद्यातला फ्लॅट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर इंडेक्स टूशी (घराच्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याशी) ताडून पाहा. नंतर सापडलेल्या चुकीला चूकदुरुस्ती पत्र करावं लागतं, आणि तेही पुन्हा नोंदवूनच.